शहाण्या पोरीची सुट्टी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

बाळीवेस, सोलापूर
११ ऑगस्ट २०२४

ती. स्व. महानंदाक्कास,

धाकट्या भावाचा, गुरुशांतचा, शरणु शरणार्थी. वि. वि.

फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुला पत्र वाटत नाही, म्हणून पोस्टाचं पाकीट घेऊन दुकानातच बसलोय. समोर एका शेतकऱ्याची जळालेली पंपाची मोटार उघडून ठेवली आहे. तो संध्याकाळी शिव्या घालेल, घालू दे.

तुझी भावजय महेश्वरी माळ्यावरून पडली तेव्हा तू येऊन पाहून गेलीसच. आता ऑपरेशनचे टाके वाळलेत. कमरेला पट्टा बांधून भिंतीच्या आधाराने न्हाणीपर्यंत जाते. पण वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. निदान दिवाळीपर्यंत तरी.

आता खरी बातमी. अक्का, तुझी भाची सिद्धी भाकरी करते. सातवीतली पोर, ओट्याशी पाटावर उभी राहून थापते, आणि टम्म फुगवते. पहिले चार दिवस खानावळीचा डबा आणला, तर तिने मला सांगितलं की असल्या तेलानं धाकट्या बसूचं पोट बिघडेल. सकाळी उठून बसूला आंघोळ घालून बालवाडीत सोडते, महेश्वरीला, तिच्या अव्वाला, गोळ्या देते, मग शाळा. भांड्यांना बाई लावली होती, तिला साबण फार लागतो म्हणून सिद्धीनेच उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून टाकलं. शेजारच्या चंद्रव्वा तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की पोर असावी तर अशी शहाणी. ऐकून माझी छाती फुगते.

दाजींना नमस्कार. सूनबाईला जपा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गुरुशांत


अक्कलकोट
२० ऑगस्ट २०२४

चि. गुरुशांत तम्मास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझे दाजी मोठ्यानं वाचून दाखवायला बसले, मी हातातून ओढून घेतलं. कान गेले तरी डोळे शाबूत हायेत की माझे.

महेश्वरीला म्हणावं, पडून राहा. हाडाला घाई चालत न्हाय. मीच आले असते, पण सुनेचे दिवस भरत आलेत. दुसरं बाळंतपण म्हणून हितंच करायचं ठरलंय. तुझ्या दाजींचं सगळं लक्ष हार-नारळाच्या दुकानात. घरात दूध उतू गेलं तर ते देवाला वाहिलं म्हणतील.

सिद्धीचं वाचून लई बरं वाटलं. आपली अव्वा गेली तेव्हा मी तेवढीच होते. तू माझ्या कडेवर आणि थोरला भाऊ परकर धरून मागं. काय वाईट झालं माझं? सगळी आळी मला शहाणी म्हणायची, अजून म्हणते. पोरीला माझ्याकडून शाबासकी दे, आणि भाकरीला पाणी कोमट घे म्हणावं.

तब्येत कळवत जा. बहिणीला विसरलास तर कान धरीन.

तुझी,
अक्का


सोलापूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,

शरणु शरणार्थी. वि. वि.

नातवाचे पेढे पोचले. दाजींसारखंच कपाळ आहे म्हणतेस, म्हणजे नारळ फोडायची सोय झाली.

महेश्वरी आता काठी न घेता घरभर फिरते. डॉक्टर खूश आहेत, हळूहळू सगळं करा म्हणाले. आनंदाचंच पत्र लिहायला बसलो होतो. पण मनात दुसरंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अक्का, सिद्धी हसत नाही. दिवाळीला बसूसाठी फटाके आणले, हिला विचारलं तर म्हणाली, मला नकोत, त्यापेक्षा तूरडाळ भरून ठेवू, वाढणार आहे. मला दुकानातून यायला उशीर झाला की दारात उभी असते, आणि अगदी आपल्या अप्पांच्या आवाजात विचारते की जेवणाच्या वेळा तरी पाळता येत नाहीत का. बसू तिला अव्वा म्हणायला लागलाय. परवा महेश्वरीनं त्याला जवळ बोलावलं तर तो आधी सिद्धीच्या तोंडाकडे बघायला लागला. महेश्वरी भिंतीकडे तोंड करून रडली.

शाळेतून बाईंनी बोलावलं होतं. सिद्धीनं खो-खो सोडलाय म्हणे. मागच्या वर्षी तिला कुणी शिवू शकत नव्हतं. सहलीलाही नाव दिलं नाही. मैत्रीण वैष्णवी रोज खालून हाका मारायची, तिला हिनं सांगितलं की तुम्ही लहान आहात, तुमचं चालू द्या. मी परवा हाताला धरून ग्राउंडवर नेऊन सोडलं. तासाभरानं पाहतो तर कठड्यावर पाय जुळवून बसली होती, कुकर लावायची वेळ झाली का म्हणून माझी वाट बघत.

महेश्वरी ओट्याजवळ गेली की ती तिला धरून आणून पलंगावर बसवते. काय करू? रागवायचं तर कशासाठी? पोरीची चूक तरी काय?

मी तिला तुला पत्र लिहायला सांगितलंय. वाचून काय वाटतं ते कळव. मायेला अंतर देऊ नकोस.

तुझा,
गुरुशांत


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यांच्या चरणी,

बालके सिद्धेश्वरीचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेमकुशल. आपली व बाळाची प्रकृती ठीक असेल. बाळाला गार वाऱ्यात नेऊ नये.

अव्वाची तब्येत बरी आहे, पण ती ऐकत नाही. उठून काम करायला बघते. मी लक्ष ठेवून आहे. अप्पांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, त्यांना पैशाचा अंदाज नाही. चटणीसाठी शेंगा यंदा मी स्वतः निवडून घेतल्या. बसू हट्टी झाला आहे, परंतु लहान आहे.

अप्पा म्हणतात की खेळायला जा. पण आत्या, मी गेले तर घरचं कोण बघणार? मला आता खेळायला आवडतही नाही. सगळे म्हणतात, सिद्धी आहे म्हणून हे घर उभं आहे. मग मी बाजूला झाले तर कसं चालेल?

माझी काळजी नसावी. वडील मंडळींना नमस्कार, लहानांस आशीर्वाद. चूकभूल माफ करून कृपादृष्टी ठेवावी.

आपली आज्ञाधारक,
कु. सिद्धेश्वरी गुरुशांत


अक्कलकोट
२५ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुशांत तम्मास,

आशीर्वाद.

तुझ्या पोरीचं पत्र वाचलं आणि दिवसभर हाताला काम सुचलं न्हाय. लहानांस आशीर्वाद लिहिलंय रे तिनं. घरात तिच्याहून लहान आहेत तरी कोण, एक बसू आणि हितं सुनेची दोन, त्यातलं एक तान्हं.

तू विचारलंस चूक काय. तिची कुटली असणार? तू, मी, चंद्रव्वा, आपण सगळ्यांनी शहाणी शहाणी म्हणून तिला एका जागी उभी करून ठेवलीय. तितनं पोरीला खाली उतरता येत न्हाय. शहाण्या पोरीला रडता येत न्हाय, कुणाशी भांडता येत न्हाय. मला ठाऊक हाय. अव्वा गेली तेव्हा मी रडले न्हाय, तुम्हा दोघांना सांभाळायचं होतं ना. रडले ती थेट माझ्या लग्नात, पाठवणीला. पोर सासरी जाते म्हणून रडते, असं सगळ्यांना वाटलं.

माझं वाईट काय झालं असं मी विचारलं होतं. वाईट न्हाय झालं. पण खेळ कसा असतो ते मला ठाऊकच न्हाय, तम्मा.

सूनबाई आता हिंडती-फिरती झालीय, तिची आई पण हितं आलीय. मी पुढच्या आठवड्यात येते. तोवर एक कर. घरात कुणी तिला शहाणी म्हणायचं न्हाय. चंद्रव्वालाही सांग. आणि महेश्वरीला म्हण, मी तुझी चूल सांभाळायला येत न्हाय, तुला तितं उभी करायला येते.

बाकी समक्ष. लोभाचं मी काय सांगू, तो तुला कडेवरच दिलाय.

अक्का


सोलापूर
२० जानेवारी २०२५

सौभाग्याचे धनी तिप्पण्णा यांस,

सौ. महानंदाचा नमस्कार.

तुमी फोन करता आणि मला नुसतं खरखर ऐकू येतं, म्हणून लिहिते. नातू पालथा पडायला लागला का? दुकानातला नारळ मोजून ठेवा, न्हाय तर गिऱ्हाईकच तुमाला विकून जाईल.

हितलं सांगते. मी आले तेव्हा सिद्धीनं मला पाणी दिलं आणि पाहुण्यासारखं बसवलं. मी ओट्याशी गेले की ती मागं. मीठ जास्त झालं म्हणायची, तवा नीट तापला न्हाय म्हणायची. मी आमटी केली की ती दुसरी करायची. दोन दिवस आमी एकमेकींशी बोललो न्हाय. गुरुशांत बिचारा दोन्ही आमट्या जेवायचा.

मग मी स्वयंपाकघर सोडलं आणि बसूला घेऊन खाली अंगणात सागरगोटे खेळायला बसले. मला कुटले येतात. पडला गोटा की हळूच उचलून घ्यायची, आणि जिंकले म्हणून ओरडायची. बसू रडकुंडीला. सिद्धी जिन्यात उभी राहून बघायची. चौथ्या का पाचव्या दिवशी तिला राहवलं न्हाय. तरातरा आली, आत्या लबाडी करतेय म्हणाली, माझ्या हातातले गोटे हिसकावले आणि कसं झेलायचं ते दाखवायला बसली. दाखवता दाखवता डाव झाला, मग दुसरा झाला. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. तिचं लक्ष न्हाय. माझं होतं, पण मी बहिरी की हो.

खरी लढाई महेश्वरीनं मारली. भोगीच्या दिवशी पहाटे ती उठली, पदर खोचला आणि बाजरीचं पीठ मळायला घेतलं. पहिली तीळ लावलेली भाकरी तव्यावर टाकली तोच सिद्धी धावत आली आणि अव्वा बस, तू पडशील, म्हणून तिचा हात धरायला लागली. महेश्वरीनं तवा सोडला न्हाय. शांतपणे म्हणाली, "सिद्धे, तू माझं घर सांभाळलंस. आता मी उठलेय. ही चूल माझी हाय आणि तू माझी पोर हायस. जा, बाहेर खेळ."

मला वाटलं आता परत भांडणार. तर पोर आईच्या कमरेच्या पट्ट्यालाच मिठी मारून एवढ्या मोठ्यानं रडली की चंद्रव्वा जिना चढून आली. काय काय बोलत होती. भीती वाटायची म्हणाली, रात्री उठून तुझा श्वास बघायची म्हणाली. महेश्वरी एका हातानं तिला थोपटत होती, दुसऱ्या हातानं भाकरी उलटत होती. ती भाकरी करपली. आमी सगळ्यांनी वाटून खाल्ली.

काल सगळे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो. महेश्वरी स्वतःच्या पायानं तळ्याकाठून देवळापर्यंत चालली. दर्शन घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता तुमी. मग होम मैदानावर मोठ्या आकाशपाळण्यापाशी आलो. सिद्धीनं सवयीनं सगळ्यांच्या पिशव्या गोळा केल्या, मी खाली थांबते, तुमी बसा म्हणाली.

लहानपणी गड्ड्याला आलो की मी पण तितंच उभी असायची, भावांच्या चपला धरून. मी सगळ्या पिशव्या घेतल्या आणि गुरुशांतच्या गळ्यात अडकवल्या. तू लई बसलास, आता खाली उभा राहा, असं सांगितलं. आणि पोरीचं मनगट धरून पाळण्यात चढले.

हो, मी चढले. हसू नका. वर गेल्यावर सगळं सोलापूर दिसलं, तळ्यातलं देऊळ एवढंसं, दिवेच दिवे. मग पाळणा जो खाली सुटला, तशी सिद्धी किंचाळली. मला ऐकू आलं हो. माझ्या गेलेल्या कानांना ऐकू आलं. मी पण किंचाळले. माझी वेणी सुटली, दातखीळ बसायची बाकी होती, पण हसू थांबेना.

उतरल्यावर पोर म्हणाली परत. परत बसलो. पुन्हा म्हणाली परत. गुरुशांतनं आता पुरे म्हटलं तर ती भर जत्रेत मातीत फतकल मारून बसली. उठेना. नवा परकर मळला. लोक थांबून बघायला लागले. गुरुशांतला मी इतका खूश कधीच पाहिला न्हाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, माझी मुलगी हाय, हट्ट करतेय.

मी रविवारच्या बसनं येते. मला पण हट्ट करायचाय, काय ते आल्यावर सांगते. तेवढी माया शिल्लक ठेवा.

तुमची,
महानंदा


सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. तू लबाड आहेस. जाताना माझे चांगले सागरगोटे घेऊन गेलीस. ते लगेच पाठव. मामा म्हणजे तिप्पण्णामामांनी तुला पाळणा असलेल्या जत्रेला नेलं की नाही? तू हट्ट धरणार होतीस.

आमची शाळा खो-खोत जिंकली! मला आधी बसवून ठेवलं होतं, कारण मी मध्ये सोडलेला, पण शेवटच्या डावात वैष्णवीचा पाय मुरगळला आणि बाईंनी मला घातलं. मी खांबापाशी असा सूर मारला की गुडघा पूर्ण सोलला. रक्त आलं. अव्वा प्रेक्षकांत उभी राहून ओरडत होती, बसायला खुर्ची दिली होती तरी उभीच. नंतर औषध लावताना मी खूप आरडाओरडा केला, थोडा खोटा केला.

बसू मला आता सिद्धे म्हणतो. मी त्याला ढकललं. त्यानं अव्वाला नाव सांगितलं. अव्वानं मला धपाटा घातला आणि मग दोघींना हसू आलं, का ते माहीत नाही. भाकरी मी फक्त रविवारी करते, तीही मला वाटलं तर. आज वाटत नाहीये.

चंद्रव्वांच्या खिडकीची काच फुटली. ती मी नाही फोडली. म्हणजे फोडली, पण चेंडू बसूचा होता. त्या अप्पांकडे तक्रार घेऊन आल्या तर अप्पांनी त्यांना आत बोलावून पेढाच दिला. त्या गोंधळून गेल्या.

अप्पांनी खाली चार ओळी लिहायला जागा ठेव म्हणून सांगितलं होतं. मी ठेवली नाही.

अव्वा जेवायला हाक मारतेय. मी आले म्हणाले, पण अजून खालीच आहे, जिन्याच्या पायरीवर. वैष्णवी लपलीय आणि राज्य माझ्यावर आहे.

लोभ असू दे. नाहीतर मी रुसेन.

तुझी,
सिद्धी