एकोणतीस डबे

१ मार्च २०२५
चंद्र दिसला! आणि धरमपेठच्या डॉक्टरांचं फर्मान — इन्सुलिन चालू आहे, रोजे बंद. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खूप रडले. मौलाना म्हणाले, फिदया द्या आपा — दर रोज्यामागे एका गरिबाला जेवण.

२ मार्च
कोपऱ्यावर संत्री विकणारी अंजनाबाई. एका शेळीसोबत एकटी राहते, मुरमुऱ्यांवर दिवस काढते. काल रात्रीच तिला धरलं, फिदया समजावला. हसली, "म्हंजे तुहा रोजा माह्या पोटात, मास्तरीणबाई?"
दुपारी मी पडदा ओढून जेवले. चोरासारखी.

५ मार्च
समोर बसून जेव म्हटलं तर ऐकत नाही! "घरी नेतो वं डबा." खाते की शेळीला घालते कोण जाणे. शेळीनं खाल्ला तर माझा फिदया कसा धरायचा? डबा मात्र लख्ख घासून परत येतो.

११ मार्च
उन्हानं लाल झाली होती, म्हणून चहा दिला. अर्धा कप प्याली आणि कपाळावर हात मारून पळाली! माझा बिनसाखरेचा चहा — दुसरं काय.

१९ मार्च
उपाशी न राहता रमजान कळायचा कसा, हीच चिंता होती. आज वांगी चिरताना लक्षात आलं — सकाळपासून मी तिच्याच भुकेचा विचार करतेय. तिखट किती चालेल, भाकरी मऊ राहील का. इतकी वर्षं रोज्यात स्वतःच्याच भुकेसाठी घड्याळ बघत बसायचे! आज नमाजात मन जराही पळालं नाही. इतका आनंद झाला की गुणगुणत भांडी घासली.

३० मार्च
चंद्र! शेवटचा डबा गेला. घर रिकामं वाटतंय.

३१ मार्च, ईद
शीरखुर्मा घेऊन तिच्या घरी गेले. मान खाली घालून म्हणाली, "रागावू नको वं. पहाटे भोंगा वाजला का उठत होतो. डबा सांजच्या अजानीनंतर खोलत होतो. तुहे रोजे कोनीतरी धराले पायजे ना! पन अठ्ठावीसच झाले. त्या दिवशी ध्यानात नाही राह्यलं, चहा पेलो."
दुसऱ्याचा रोजा धरता येतो का? मौलानांना विचारणारच नाही. तिला घट्ट मिठी मारली आणि सांगितलं — भुलून प्यायलं तर रोजा मोडत नाही वं. एकोणतीस झाले!