बोटीतलं विरजण

९ जानेवारी, शुक्रवार

बोटीत फ्रीज बंद ठेवायचा! अभिरामने फोनवर बोटवाल्यांना विचारलं. आमच्या या घर-गाडीतला फ्रीज चालताना इंजिनवर, थांबल्यावर गॅसच्या सिलिंडरवर. भाऊच्या धक्क्यापासून जयगडपर्यंत दोन्ही बंद. गाडी बोटीच्या पोटात, आम्ही वर. मधे खाली जाऊन बघायचीही सोय नाही.

मग विरजणाचं काय?

१० जानेवारी, शनिवार

आई जाऊन वर्ष झालं. साड्या वाटून टाकल्या. तिच्या हातचं एकच जिवंत उरलंय — हे दही. रोज रात्री चमचाभर नव्या दुधात. अजून मोडू दिलेलं नाही.

खालच्या मजल्यावरची स्मिता म्हणाली, ताई, माझ्याकडे ठेवून जा, मी लावत जाईन. नको म्हटलं. दुसऱ्या घरी चव बदलते. तिला लागलं असावं. आईनेही तिला एकदा दारातून परत पाठवलं होतं. दिवेलागणीनंतर विरजण मागायला आली म्हणून. तिन्हीसांजेनंतर दही घराबाहेर देत नाहीत, सकाळी ये. आली बिचारी सकाळी, वाटी घेऊन.

११ जानेवारी, रविवार

पाण्याच्या बाटल्या गोठवल्या. गाडीतला फ्रीज सकाळपासूनच सुरू केला. गार होऊन राहिला पाहिजे. भरगच्चही हवा — मोकळ्या जागेत दुधाच्या पिशव्या, वरच्या फळीवर बाटल्या. मधे दह्याचा डबा, फडक्यात. दाराला चिकटपट्टी लावली. उद्या जयगडपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

अभिराम येता-जाता विचारतो, पेशंट कसा आहे?

१२ जानेवारी, सोमवार

बोटीवरचा माणूस गाडीत चढला. सिलिंडर बंद? मेन स्विच? पट्ट्या लावलेला फ्रीज बघून थांबला.

"आत काय हाय एवढं?"

"सासूबाई," अभिराम म्हणाला.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी दही म्हणून सांगितलं. त्याला ते आधीच्याहून चमत्कारिक वाटलं.

समुद्र शांत. अभिराम वडापाव खाऊन झोपला. माझ्या डोळ्यांपुढे खाली गाडीचं बंद दार येत राहिलं.

जयगडला पट्टी काढली. बाटल्यांत अजून बर्फाचा गड्डा. डबा गार. दही तसंच, घट्ट, पाणीसुद्धा सुटलेलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

मालगुंड. अभिरामची थोरली बहीण, सुनीतीताई. त्यांच्या म्हशीच्या दुधात विरजण लावलं. सकाळी सुरी लावून कापावं असं दही. चव आईचीच.

१५ जानेवारी, गुरुवार

समुद्र. झोप. दही.

१७ जानेवारी, शनिवार

निघताना सुनीतीताईंनी दाराशी उभं केलं. लांबचा प्रवास, हातावर दही-साखर. अभिरामच्या, माझ्या, गाडी धुवायला आलेल्या ज्ञानूच्या. मी तळहात चाटला. गोड लागलं.

गाडीत आले. पट्टी लावण्याआधी फ्रीज उघडला. डबा नव्हता.

तो स्वयंपाकघरात होता. घासून, पालथा.

सुनीतीताई सांगत होत्या, ताजं लावायला वेळ कुठे होता, तुमच्या फ्रीजमध्ये सापडलं ते बरं. उरलेल्याचं ताक करून अभिरामला दिलं, वाटेत उन्हाचं बाधायला नको. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगो, दहीच ना? आणून देते दुकानातून."

मी हो म्हटलं. वाकून नमस्कार केला. त्यांना काय सांगणार?

परतीच्या बोटीत चढताना, ताईंकडे पुन्हा गोठवलेल्या बाटल्या तशाच होत्या. फ्रीज नुसताच गार. अभिराम माझ्या शेजारी बसून होता. झोपला नाही. एकदा म्हणाला, मी पण प्यायलो गं ते.

बेलापूरला घरी पोचलो. दूध तापवलं. तसंच झाकून ठेवलं.

१८ जानेवारी, रविवार

दिवा लावून झाल्यावर बेल वाजली. स्मिता. हातात वाटी, वर ताटली. अभिरामने तिला सांगितलं होतं. म्हणाली, आईंनी त्या सकाळी दिलेलं, तेव्हापासून माझ्याकडेही मोडलेलं नाही.

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, आत्ता? तिन्हीसांज झाली, सकाळी आण.

"देत नाहीये, ताई," ती म्हणाली. "परत करतेय."