वाट बुजू देणार नाही

सौभाग्यवतीस,
डोंगरावरून आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे. चढावर थोडी धाप लागते, ती वयाला शोभणारीच आहे; मुलास सांगू नये. तुझा गुडघा कसा आहे?

विश्रामगृहाची झाडलोट उरकून मी रोज आपल्या जुन्या गावापर्यंत चालून येतो. राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा गाव उठले, वाट मात्र राहिली. ती गवताने बुजली की नकाशातून काढून टाकायची, असा येथील नियम आहे. म्हणून मी ती बुजू देत नाही.

शिखरावर अजून बर्फ आहे. कड्याखाली निळी फुले इतकी दाट आली आहेत की पाऊल टाकताना संकोच वाटतो. आपल्या घराच्या जोत्यावर एक हरिणी पाडसासह बसलेली असते. मी तिला उठवत नाही. उठवले जाणे काय असते, हे मला ठाऊक आहे.

परवा उद्यानाच्या साहेबांनी हटकले. "बाबा, तिकडे आता काय आहे? पुन्हा गेलात तर नोकरी जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "मग उद्यानाचे तिकीट काढून येईन."

ते हसले. मी हसलो नाही.

हट्ट पुरे, आता घरी यावे, असे तू लिहितेस. तुझा शब्द मी सहसा मोडत नाही, हा मोडतो. ज्या दारातून तू नवरी होऊन आत आलीस, तेथे जाणारी ही एकच वाट आहे. मी आहे तोवर ती नकाशावर राहील. पुढचे मुलाने पाहावे. त्याला चांगले बूट घेऊन दे आणि एकदा इकडे पाठव.

तू हट्टी म्हणतेस, तोच मी