तिसरा मसुदा

हारो, इलोइलो
मंगळवार

प्रिय इंदाय,

आपण दर रविवारी फोनवर बोलतो आणि तरी हे पत्र आलं आहे, म्हणून आधी सांगतो, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईच्या, नानायच्या, डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. पत्र तुझ्या गोष्टीबद्दल आहे. 'टेप' ही गोष्ट तू लिहिली आहेस हे मला माहीत आहे. ती दापुग गटाच्या पहिल्या छापील पुस्तकात जाणार आहे आणि तिचा कुठला मसुदा छापायचा ते तू शनिवारपर्यंत कळवायचं आहेस, हेही माहीत आहे. ते कळवण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. गुरुवारी दावाओला पोचेल असं कुरिअरवाली म्हणाली.

मला हे कसं माहीत, तर दापुगवरचा लुया मी आहे.

इथे तू कदाचित पत्र खाली ठेवशील. ठेव. नंतर पुन्हा उचल.

निवृत्त झाल्यावर आमच्या कोर्टातली माणसं झुंजीचे कोंबडे पाळतात किंवा चर्चमध्ये गायला जातात. मला दोन्ही जमलं नाही. तेहतीस वर्षं मी साक्षीदारांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी टंकून काढलं. त्यामुळे छापलेल्या गोष्टीतलं कुठलंही संभाषण वाचलं की मला राग येतो. माणसं असं बोलत नाहीत. हे मी आमच्या दाताच्या डॉक्टरणीला सांगत होतो. ती म्हणाली, मग फोनवरच्या आमच्या लेखनगटात या आणि तिथे रागवा. तोंडात तिची दोन अवजारं होती, नाही म्हणता आलं नाही. ती म्हणजे गटातली काल्देरो. ताकवाय, लुया, लांगाव ही सगळ्यांना स्वयंपाकघरातली नावं देण्याची कल्पना तिचीच. दापुग म्हणजे चूल, मग चुलीशी खऱ्या नावाने कोण बसतं, असं तिचं म्हणणं. मला तिने आल्याचं नाव दिलं आणि ते बरोबर निघालं. मी शेरा लिहायला आलो की कोणीतरी आधीच लिहायचं, लुया आला, पाणी आणा. काल्देरोने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, मानोंग, तुम्ही गोष्ट वाचता की तिची उलटतपासणी घेता? मला ते आवडलं होतं. घरात मला इतकं कोणी चिडवत नाही.

तिथले दोन नियम मला मनापासून पटले. वाचणाऱ्याने आधी सांगायचं की तो वाचता वाचता पहिल्यांदा कुठे थांबला. आणि लिहिणाऱ्याने सात दिवस उत्तर द्यायचं नाही, लोक काहीही म्हणोत. कोर्टातही मी असाच बसायचो. समोर काय वाटेल ते चाललेलं असो, आपण तोंड उघडायचं नाही.

जुलैमध्ये ताकवाय नावाने तुझा पहिला मसुदा आला. तुला तो पाठ असेल, तरी मी काय वाचलं ते सांगतो. रेडिओचं दुकान असलेला एक बाप. सोळा वर्षांची मुलगी एका मुलाशी फोनवर बोलताना रडते. बाप ते चोरून टेप करतो आणि जत्रेच्या जेवणाला, पाहुणे ताटावर असताना, लावतो. सगळे हसतात. एका काकाच्या घशात हसता हसता कुरकुरीत चिचारोनचा तुकडा अडकतो, त्याच्या पाठीत बुक्के घालावे लागतात आणि बुक्के मारणाऱ्याचं घड्याळ आमटीत पडतं. मुलगीही हसते, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि मग ताटं उचलायला लागते. संपलं. तीन पानं.

मी दोन ठिकाणी थांबलो होतो. मुलगी हसते तिथे मी लिहिलं, हे खोटं आहे, ती उठून जाईल. दुसरा शेरा बापाबद्दल होता. तो मी आज पुन्हा काढून वाचला, तसाच्या तसा देतो. 'तीन पानांत या माणसाला हेतू नाही. न्यायाधीशाने पहिल्या मिनिटाला हेतू विचारला असता. विनाकारण कोणी पोटच्या मुलीशी असं वागत नाही. लेखिकेने त्याला कारण द्यावं. असा बाप मी पाहिलेला नाही.'

लांगाव म्हणाला होता, मला तर पटला बाप, आमच्या घरी एक आहे. मी त्याला उत्तर दिलं, तुमच्या घरी असेल, कागदावर नाही. बावीस जणांनी त्यावर हसण्याची चित्रं टाकली. तू सात दिवस गप्प होतीस. आठव्या दिवशी फक्त 'आभार, बघते' एवढं लिहिलंस.

दुसऱ्या मसुद्यात तू बापाला दारू पाजलीस. मी म्हणालो, ही पळवाट झाली. तिसऱ्यात त्याच दिवशी सकाळी त्याच्या दुकानाचा परवाना गेलेला आहे, तो गप्प आहे, आतून जळतो आहे. मुलगी हसत नाही, उठून जाते. बाप तिच्या मागे दारापर्यंत येतो आणि तिच्यासमोर टेप मोडतो. मी लिहिलं, आता बाप उभा राहिला. सगळ्यांनी माझीच री ओढली. काल्देरोने लिहिलं की वाचताना तिचा एक रुग्ण खुर्चीत आ वासून बसून राहिला, आणि पुस्तकाची सुरुवात याच गोष्टीने करू. त्या आठवड्यात तू मला वेगळा निरोप पाठवलास. 'मानोंग लुया, माझं लिहिणं माझ्या घरी कोणी असं लक्ष देऊन वाचलं असतं, तर मी वीस वर्षं आधी लिहायला लागले असते.' मी तो नानायला दोनदा वाचून दाखवला. नंतर काही दिवस मी ताठ चालत होतो, असं ती म्हणते.

तिला अजून वाचायची परवानगी नाही. दुपारी ती सुक्या मासळीची डोकी मोडत बसते आणि मी तिला दापुगवरच्या गोष्टी वाचून दाखवतो. गेल्या शनिवारी तुझी घेतली. तिन्ही मसुदे क्रमाने वाचणार होतो, माझ्या शेऱ्यांनी गोष्ट कशी सुधारत गेली ते तिला कळावं म्हणून. पहिल्यातच, काकाला ठसका लागतो तिथे, तिचे हात थांबले. म्हणाली, पुलो, हा आपला तिबो. मी म्हटलं, चिचारोन खाताना कोणालाही ठसका लागतो. ती म्हणाली, लागतो. पण बुक्के मारणाऱ्याच्या हातातलं घड्याळ सुटून आमटीत पडत नाही. पुढे वाच. मी पुढे वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, तुझ्याकडे टेप नव्हती. वही होती. मी म्हटलं, लिहिणारी कोण कुठली असेल, देशात अशी हजार घरं असतील. तेव्हा ती म्हणाली, आणि ताकवायची भाजी ताटात वाढली की कोणाची लेक खुर्ची सरकवून उठायची, तेही हजार घरांत का?

इंदाय, घड्याळ आमटीत पडलं ते मी लोकांना कितीदा सांगितलं आहे. दोन लग्नांत सांगितलं. तिबो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीपाशी बसून सांगितलं, सगळे रडता रडता हसले. ती माझ्याकडे तिबोची गोष्ट म्हणून होती. तो कशाला हसत होता हे मी सांगायचो नाही. लपवायचो असं नाही. त्या गोष्टीत ते नव्हतंच.

आता ते सांगतो, कारण तुझ्या बाजूने तू सांगितलंस आणि दुसरी बाजू फक्त माझ्याकडे आहे. फोन जिन्याखाली होता. मी प्लायवुडच्या भिंतीच्या अलीकडे बसलो होतो, वही मांडीवर होती, आधी सवयीने पेन्सिल चालली आणि मग मी ती थांबवली नाही. तुझं बोलणं नऊ पानं झालं. कान्देलारियाच्या जत्रेच्या दिवशी, भात वाढून झाल्यावर, मी उठून साक्षीदाराच्या आवाजात ते वाचलं. तू जिथे रडलीस तिथे कोर्टात लिहितात तसं कंसात 'रडते' लिहिलं होतं, तेही वाचलं. तू सोळा वर्षांची होतीस आणि तुझ्या हातात पाण्याचा जग होता. नानाय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शनिवारी ती मला म्हणाली, मी आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागले, ते माझं मी बघेन, तुझं तू बघ. त्यानंतर तिने मासळी उचलून ठेवली आणि त्या दिवशी पुढे काही वाचू दिलं नाही.

शनिवारपासून मी त्या दिवसाचं कारण शोधतो आहे. मीच म्हणालो होतो ना, हेतू पाहिजे. परवाना गेला नव्हता. उलट त्याच महिन्यात न्यायाधीशांनी माझ्या उताऱ्याचं भर कोर्टात कौतुक केलं होतं. प्यायलो नव्हतो. तुझ्यावर राग नव्हता. त्या मुलाचं मला नावही आठवत नाही. बोलणं अचूक उतरलं होतं, कुठे श्वास घेतलास तेसुद्धा. पाहुणे बसले होते आणि मला ते वाचून दाखवायचं होतं. एवढंच सापडलं. आणि तू हसलीस. ते मी पाहिलं होतं. इतकी वर्षं मनाशी तेच धरून होतो की पोरगी स्वतः हसली, म्हणजे गंमतच होती. जुलैमध्ये तेच हसणं तू कागदावर ठेवलंस तेव्हा मी लिहिलं की हे खोटं आहे.

म्हणून हे पत्र. शनिवारी पहिला मसुदा पाठव. तिसरा चांगला आहे, पण तो तू माझ्यासाठी लिहिलास, आणि त्यातला बाप मला आवडला तो का आवडला हे आता मला कळतं. आज सकाळी मी लुयाच्या नावाने लिहिलं की 'टेप'वरचे माझे सगळे शेरे चुकीचे होते, आणि गटातून बाहेर पडलो. काल्देरो विचारते आहे, मानोंग, दाढ दुखतेय का? तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. ती जागा तुझी आहे. माफी मी इथे मागत नाही. पत्रात मागितली तर तू ती वाचून मला बरं वाटेल असं काहीतरी लिहिशील, तुला ती सवय आहे. दावाओला येऊन मागेन, तू ये म्हणालीस तर. रविवारी फोन केला नाहीस तरी मी समजेन. गोष्टीत मात्र त्याला कारण देऊ नकोस. तो दारापर्यंत आला नाही, त्याने काही मोडलं नाही. तू ताटं घेऊन आत गेलीस, त्याने वही मिटली आणि स्वतःच्या हाताने आणखी भात वाढून घेतला. हे तुझ्या पहिल्या मसुद्यात नाही, कारण तू तेव्हा आत होतीस. हवं असेल तर घाल.

तुझाच,
ताताय