काळ्या पाण्यातला रंग

प्रिय ट्रीनाताई,

लुईझियानात मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, बूट तेवढे गळतात.

बाबांनी मासेमारीच्या स्पर्धेसाठी होडीत माझ्या जागी तुझ्या नवऱ्याला बसवलं. आणि तू मलाच विचारतेस, तळ्याच्या काळ्या पाण्यात क्रॅपी मासा कुठल्या रंगाच्या आमिषाला तोंड लावतो!

काळ्या अंगाची, पोपटी शेपटीची पिसांची जिग, म्हणजे ते गळासकटचं खोटं आमिष, दोरीला बांधायची. मासा खालून बघतो, उजेडावर काळंच उठून दिसतं. हे मी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "अंधारात काळं? अक्कल गहाण टाकलीस का रे?" आणि पांढरीच टाकत बसले.

त्यांचा गुडघा कसा आहे?

माझं नाव मात्र काढू नकोस. जावईबापूंनी शोधलं म्हण, लगेच बांधतील.

तुझाच,
कोल्बी