बारा खोल्यांचं घर

मंगळवार, २४ सप्टेंबर

भरला एकदाचा नगरसेवकपदाचा अर्ज. पालिकेच्या कचेरीतल्या बाईने पाठिंब्याच्या पंचवीस सह्या एकेक करून तपासल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "सगळ्या तुमच्याच चर्चमधल्या दिसतायत." दिसणारच! ओरिसियाने गेल्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये, बटाटा भरून पेरोगीच्या करंज्या वळायच्या टेबलावर कागद फिरवला आणि बायकांनी पिठाचे हात पुसून सह्या ठोकल्या. मला कोण विचारतंय? "स्टेफा, बावीस वर्षं शाळेची बस चालवलीस तू. वॉर्डातलं दार न् दार तुला माहीत. तू नाही तर कोण?" ओरिसिया बोलली की विषय संपला. शाळेत होतो तेव्हापासून असंच. माझं लग्नही तिनेच जमवलं होतं.

खोटं कशाला लिहू — थोडं बरंही वाटलं. त्रेसष्टाव्या वर्षी कुणाला तरी मी हवी आहे म्हणून.

शनिवार, २८ सप्टेंबर

हॉलच्या दारावर माझा फोटो लागला. हनुवट्या दोन. खाली ओरिसियाने लिहिलंय: "तुम्ही सांगाल ते पहिलं." म्हणजे माझं स्वतःचं असं काही नाही, वॉर्ड जे मागेल त्यासाठी मी पालिकेत लढायचं. सोपं आहे. नऊ नंबरची बस, फुटपाथवरचा बर्फ, पोहण्याचा तलाव. लोक दुसरं काय मागणार?

रविवार, ६ ऑक्टोबर

लोकांनी दुसरंच मागितलं.

चर्च सुटल्यावर हॉलमध्ये सभा. भिंतीवर मोठे कागद, एकेका कागदावर एकेक काम. प्रत्येकाच्या हातात पाच हिरव्या टिकल्या. जे काम महत्त्वाचं वाटेल तिथे नेऊन चिकटवायच्या. मी शहाणी आधीच माईकवर बोलून बसले होते — जिथे सगळ्यात जास्त टिकल्या, ते माझं पहिलं वचन. मग म्हाताऱ्या पेट्रोने मार्कर उचलला आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं: जुन्या शाळेत नशेबाजांचं घर नको.

त्या बंद शाळेत बारा खोल्या करायचं चाललंय. दारू, नशेच्या गोळ्या सोडलेल्यांना वर्षभर देखरेखीखाली राहायला. डिसेंबरात पालिकेत त्यावर मतदान आहे.

अर्ध्या तासात पेट्रोचा कागद हिरवागार. बसला एकवीस, बर्फाला तीस, याला एकशे चाळीस! शेवटी ओरिसियाने माझ्याही हातावर पाच टिकल्या ठेवल्या. "लाव की. सगळे बघतायत." चार बसला लावल्या. पाचवीही तिकडेच न्यायला निघाले तर पेट्रो म्हणतो, "इकडे गं पोरी, इकडे." लावली. माझ्या हाताने लावली.

त्या बारातली एक खोली माझ्या मुलाची, बोहदानची आहे.

सोमवार, ७ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहावं. बोहदान कॅलगरीला तेलकंपनीत नाही. सहा वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलेय, इतकं की कधीकधी मलाच त्याची कचेरी डोळ्यासमोर दिसते. तो एडमंटनला बेघरांच्या एका आसऱ्यात राहतो. एका खोलीत सोळा खाटा. दहा महिने झाले, त्याने कशाला हात लावलेला नाही. आणि शेजारच्या खाटेवर उघड गोळ्यांचा बाजार चालतो.

या घरासाठी अर्ज त्याने आपणहून केला. यादीत बारावा. "शेवटची खोली माझी, आई. रविवारी तुझ्याकडे जेवायला येत जाईन." आज फोनवर एवढंच म्हणाला की आणखी एक हिवाळा इथे निघायचा नाही माझ्याने. मग विचारलं, निवडणूक कशी चाललीय? म्हटलं, चाललीय.

निवडणुकीतून नाव मागे घ्यायचं. ठरलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कचेरीत फोन केला. अर्जांची मुदत आज चारला संपली. मागे घ्यायचा तर चोवीस तास — उद्या चारच्या आत, स्वतः येऊन सही. उद्या गुरुवार, सगळ्याजणी हॉलमध्ये असतील. आधी त्यांना तोंडावर सांगेन, मग कचेरीत जाईन. पाठ दाखवून पळाली असं कुणी म्हणायला नको.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नाही झालं.

सोमवारी थँक्सगिव्हिंगचा सण, त्यामुळे तीनशे डझन पेरोगींची ऑर्डर. आणि आमचा नियम — पीठ मळलं की ते संपेपर्यंत टेबल सोडायचं नाही. पीठ सुकतं, कडा चिकटत नाहीत, उकळत्या पाण्यात सारण बाहेर. ओरिसियाच्या आईपासूनचा नियम आहे. एकीच्या पोटात कळा सुरू झाल्या तरी ती ताट पुरं करूनच दवाखान्यात गेली म्हणतात, आणि ही गोष्ट दरवर्षी कौतुकाने सांगतात.

म्हटलं कॉफीला सांगू. कॉफीला ओरिसियाने पिशवीतून बिल्ले काढले. माझं नाव, माझ्या दोन हनुवट्या. सगळ्यांनी छातीवर लावले. म्हटलं दोनला सांगू. दोनला बटाट्याचं आणखी एक पातेलं आलं. तीन वीसला उठले. "मला जरा जायचंय."

"कुठे? मग कडा कोण दाबणार, फादर?" ओरिसिया म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या. मीपण हसले. बसले.

घड्याळ बरोबर समोर होतं. सव्वाचारला शेवटचं ताट फ्रीझरमध्ये गेलं. कुणी माझा हात धरून ठेवला नव्हता, गाडी दारात होती. उठून गेले असते तर कुणी मला गोळी घालणार नव्हतं. तरी नाही उठले. असल्या बाईला काय म्हणायचं?

सोमवार, १४ ऑक्टोबर

ओरिसियाकडे सणाचं जेवण, टर्की. तिने विचारलं, बोहदान नाही आला? म्हटलं, काम. "आमच्या डारकालाही विनिपेगहून सुट्टी मिळाली नाही," ती म्हणाली. "या मुलांना आई दिसतच नाही." मग दोघींनी भांडी घासली.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दारोदार. पाय सुजलेत. वाटलं होतं दुष्ट माणसं भेटतील, म्हणजे मला रागावता तरी येईल. एका दारात तरुण बाई, कडेवर बाळ. "माझी मोठी त्या शाळेवरूनच एकटी चालत जाते. तुम्ही थांबवाल ना ते?" तिची भीती खोटी नाही. मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. हो म्हटलं. आज सत्तावीस दारं, सत्तावीस वेळा हो.

बोहदानचा फोन आला होता. उचलला नाही. पहिल्यांदाच.

बुधवार, ३० ऑक्टोबर

उमेदवारांची सभा. माझ्यासमोर एकटा ग्लेन थॉर्सन, बारा वर्षं नगरसेवक. खड्ड्यांबद्दल कायम झोपलेला असतो. तर आज तो उभा राहिला आणि म्हणाला, ते घर व्हायला पाहिजे, त्यात राहणारी परकी नाहीत, आपल्याच कुणाची तरी मुलं आहेत. लोकांनी त्याला बोलू दिलं नाही. मला वाटलं उठून त्याच्या गळ्यात पडावं.

मग मी. पेट्रोने विचारलं, "थांबवणार का? हो की नाही, एवढंच सांग." मी श्वास घेतला. "माझा मुलगा" हे दोन शब्द जिभेवर होते, देवाशप्पथ होते. पहिल्या रांगेत ओरिसिया मान हलवत बसलेली, पोराला विसरलेली कविता आठवावी म्हणून हलवतात तशी. मी म्हटलं, "हो." टाळ्याच टाळ्या.

पालिका ही सभा इंटरनेटवर दाखवते. हे आज घरी येऊन बूट काढताना माझ्या लक्षात आलं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

पेरोगी. कुणाशी बोलले नाही. दमलीय म्हणाल्या.

शनिवार, २ नोव्हेंबर

बोहदानचा फोन. उचलला.

"पाहिलं गं आई. निळा कोट चांगला दिसतो तुला."

मग म्हणाला, "मी यादीतून नाव काढून घेतलं. काल सांगितलं त्यांना. आता तुला अवघड नको व्हायला." मी ओरडले, परत घाल, आत्ता घाल! "कशाला? तू तर ते बंदच करणार आहेस." साध्या आवाजात म्हणाला. चिडला असता, शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. कुठे राहणार विचारलं तर म्हणाला, आहे तिथेच, दुसरं कुठे.

मी रडले हे त्याला कळू दिलं नाही. कळलंच असेल.

सोमवार, ४ नोव्हेंबर

त्या घराच्या लोकांना स्वतः फोन केला. काढलेलं नाव परत घालता येतं, पण यादीच्या शेवटी. चौतिसावं. खोल्या बारा. फोनवरची मुलगी म्हणाली, तुमचं नातं काय? ठेवून दिला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

उद्या मतदान. देवा, ग्लेनला निवडून आण.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मत ग्लेनला दिलं. बाहेर आले तर ओरिसियाने मिठी मारली. निकाल संध्याकाळी. एकशे सहा मतांनी मी आले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी ओरिसिया हॉलमध्ये न जाता इकडे आली. दार स्वतःच लावून घेतलं. कोटही काढला नाही. म्हणाली, डारका विनिपेगला नोकरीत नाही. कधीच नव्हती. दोन वर्षं गोळ्यांत होती, आता सुटलीय, त्या घराच्या यादीत तेरावी होती. "चारचौघांत मी काय बोलणार होते, स्टेफा? पण आता तू पालिकेत आहेस. काहीही कर, ते घर होऊ दे. कुणीतरी नाव काढून घेतलंय गं — माझी डारका बारावी झाली!" माझे दोन्ही हात धरून ढसाढसा रडली. "ज्याने काढलं ना, त्याच्या आईचं देव भलं करो."

मी हो म्हटलं.