घरी फोडलेला शब्द

ता. ९ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा. आई ठीक आहे. खिडक्यांचे गज रंगवून घेतले. बाबांना दुपारी थोडी झोप लागते. जेवण मात्र जात नाही.

फोन केला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून लिहिते आहे.

बाबांची गाठ जागेवरून हलली, आता धावपळ करून येऊ नकोस, असं आईने तुला सांगितलं. तू तिकीट रद्द केलंस. तिला ते मी सांगितलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आधी एकटीला आत बोलावून सगळं सांगितलं. आईलाही त्या समजावणार होत्या. पण आईच म्हणाली, "राहू द्या हो. आमच्याकडे इंग्रजी शब्द घरीच फोडतात." बाबांनी जन्मभर वर्गात आणि जेवणाच्या टेबलावर इंग्रजी शब्दांमागचे ग्रीक धातू घोकून घेतले, त्याचा तिला केवढा अभिमान! बाहेर बाकावर बसून तिने रिपोर्टवर बोट ठेवलं. मेटास्टॅसिस.

"फोड की."

"मेटा म्हणजे बदल. स्टॅसिस म्हणजे उभं राहणं, ठिकाण. जागा बदलणं."

"म्हणजे तिथून गेली गाठ?"

तिचा चेहरा असा उजळला होता की मी म्हटलं, "हो."

बसमध्ये ती अनोळखी बाईलाही सांगत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

काल बाबांनी हाक मारली. रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"आईला शब्द फोडून दिलास म्हणे."

"हो."

"फोड बरोबर आहे." त्यांनी चष्मा काढला. "आता वाक्यात उपयोग करून दाखव."

मी उभी राहिले.

"येतंय तुला. तोंड उघडत नाहीयेस," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दादा, वाक्य असं आहे: बाबांना मेटास्टॅसिस झालं आहे, आजार यकृतात आणि हाडांत पसरला आहे, आणि आता फार दिवस नाहीत.

पुन्हा तिकीट काढ. आईला मीच सांगेन. तू नुसता तिच्याजवळ बस.

माझ्यावर रागाव. पण इथे येऊन रागाव.

तुझी
धाकटी